उसने हात

१

दौलत कॉलनीत जीव गुंतावा असं वरवर पाहता काहीच नव्हतं. जळगावच्या अगदी टोकाला, केळीच्या शेताचे प्लॉट पाडून बांधलेली ही एक गल्ली. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, आणि गटार असं की अर्धं बांधून झाल्यावर ठेकेदाराला दुसरं काहीतरी आठवलं असावं. तरीही तिथलं घर विकून सहसा कुणी जात नसे. बाहेरचा कुणी आश्चर्याने विचारायचा, तर उत्तर ठरलेलं: शेजार चांगला आहे हो. घर घेताना माणूस खोल्या मोजतो, नळाला पाणी कधी येतं ते विचारतो. शेजार मोजायची पट्टी अजून कुणी काढलेली नाही, आणि राहायचं की जायचं हे शेवटी त्याच्यावरच ठरतं.

ज्योतीचं तर सगळं आयुष्यच त्या शेजारावर उभं होतं. मुलीच्या, हेमांगीच्या, वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिचे यजमान नवलभाऊ दौऱ्यावर होते, तर सुंदरअक्कांनी तिला रिक्षात घालून नेलं होतं. घराची किल्ली सूरजबाईंकडे असायची. गॅसवर कुकर ठेवून ज्योती खुशाल बाजारात जायची आणि शेजारची कुणीतरी शिट्ट्या मोजून तो बंद करायची. आता नवलभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि हेमांगीने नाशिकला आपल्याच इमारतीत त्यांच्यासाठी फ्लॅट पाहून ठेवला होता. लिफ्ट होती, डॉक्टर खालीच होता, हवा थंड होती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की निघायचं, असं नवलभाऊंनी ठरवून टाकलं. ज्योतीने मान डोलावली, पण सामान बांधायचं ती रोज उद्यावर ढकलत राहिली.

तेवढ्यात पापडांचे दिवस आले. दौलत कॉलनीत पापड कुणी एकटीने लाटत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असे नंबर लागतात. बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येतात, पीठ वाळू नये म्हणून पंखा बंद करतात आणि घामाघूम होऊन दुपारपर्यंत लाटत बसतात. पैशाचा संबंध नाही. तू माझ्याकडे हात उसने दे, मी तुझ्याकडे देते. म्हणूनच पहिला नंबर जिचा, तिच्यावर साऱ्या गल्लीचे हात उसने राहतात, आणि शेवटच्या घरचे पापड होईपर्यंत तिला सुटका नसते.

ज्योतीने यंदा पहिला नंबर मागितला. नाशिकला डबे भरून न्यायचे होते, मागाहून घाई नको. नंबर लावायचं काम सुंदरअक्कांचं. सत्तरीच्या, सुपारी चघळत बोलणाऱ्या अक्का क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"जिले जानं शे, तिनं पहिले," त्या म्हणाल्या.

बाकीच्या बायांनीही लगेच होकार दिला. कुणी हळहळलं नाही, कुणी पदर डोळ्याला लावला नाही. ज्योतीला वाटलं होतं, निदान सूरजबाई तरी रडतील. पण सूरजबाई शेजारणीच्या मंगळसूत्राचं नवं पेंडल पाहत होत्या.

२

पापड सावलीत वाळले की गच्चीवर नेऊन त्यांना जरा ऊन दाखवायचं असतं. ज्योतीकडचे पापड लाटून झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या सुती साडीवर पसरलेले पापड उलटत होती. ते काम तिला आवडायचं, कारण पापड पाहून बाई ओळखता येते. सूरजबाईंचे पापड पातळ आणि जरा लांबट. अक्कांचे छोटे आणि जाड, म्हातारपणाला साजेसे. ज्योतीचे स्वतःचे गोल गरगरीत, पण उचलताना कडेला अंगठा दाबायची तिला खोड, त्यामुळे प्रत्येकावर एक चपटी खूण.

उलटता उलटता तिचा हात थांबला. चार-पाच पापड असे होते की एक बाजू कागदासारखी आणि दुसरी बाजू जाड, वळलेली. असे पापड एकाच बाईचे. नूतनचे.

नूतनचं डावं मनगट लहानपणी मोडलेलं, ते नीट बसलंच नाही, म्हणून तिचं लाटणं एका अंगाला झुकायचं. पण नूतन गेल्या वर्षी धुळ्याला राहायला गेली होती. स्वप्नीलने, म्हणजे तिच्या मुलाने, तिकडे मोबाइलचं दुकान टाकलं होतं. ज्योतीने एक पापड उन्हात धरून पाहिला आणि स्वतःशीच हसली. एखाद्या दमलेल्या हातूनही असा पापड होतोच की. आठ बायांचे हात, उकाडा, शेवटची लाटी. आठवण आली की डोळा तेच शोधतो.

खाली येताना मात्र दुसराच विचार तिच्या मनात शिरला, आणि तो पापडापेक्षा वाईट होता. नूतन तिची एवढी जिवाभावाची, रोज दुपारी चहाला यायची. मग ती गेल्यावर आपल्याला तिची आठवण एकदाही कशी आली नाही? निरोपाच्या दिवशीही कुणी रडलं नव्हतं. टेम्पो वळणावर गेला, बाया आत आल्या आणि कुणाच्या तरी घरी पापड होते म्हणून तशाच लाटायला गेल्या. वर्षभरात नूतनचं नाव निघालं, तरी ती गेली आहे असं कुणी बोलल्याचं तिला आठवेना.

आणि हो, नूतनचाही नंबर तेव्हा पहिलाच लागला होता.

नवलभाऊंना तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगणार काय? सगळी हयात ज्यांनी कालव्याचं पाणी मोजलं, ते पापडाच्या कडेवर काय विश्वास ठेवणार. तिने नुसतं विचारलं, नूतन गेल्याचं तुम्हाला जाणवतं का हो?

"कोण नूतन? ती काय, सकाळीच तर दिसली," ते वर्तमानपत्रातून म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी जरा विचार केला. "नाही नाही. ती गेली नाही का धुळ्याला. दुसरी कुणी असेल."

३

तिसऱ्या दिवशी सूरजबाईंकडे पापड होते. ज्योतीने आदल्या रात्री पोळपाट धुऊन ठेवलं होतं, पण सकाळी उठली तीच डोकं धरून. घर पाहायला भडगावहून गिऱ्हाईक येणार होतं तेही लवकर टपकलं. नवराबायको दोघं, चेहऱ्याने साधे. त्यांनी खोल्या पाहिल्या, गच्ची पाहिली आणि मग त्यातल्या बाईने हळूच विचारलं, शेजार कसा आहे?  ज्योती म्हणाली, चांगला आहे, खूप चांगला आहे, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला निघाली.

ते गेल्यावर ती अंधार करून पडून राहिली. भिंतीपलीकडून सूरजबाईंकडची लाटणी ऐकू येत होती. पंखा बंद असला की तो आवाज लांबवर जातो. तिला त्या आवाजात प्रत्येक बाई वेगळी कळायची. त्यात एक पोळपाट लाटण्याबरोबर डुगडुगत होतं, ठक ठक, ठक ठक. एक पाय आखूड असलेलं पोळपाट गल्लीत एकीकडेच होतं आणि तिने ते धुळ्याला जाताना टेम्पोत चढवलेलं ज्योतीने स्वतः पाहिलं होतं. तिने उशी कानावर दाबली. डोकं दुखतंय, ऊन चढलंय, झोप झालेली नाही, असं स्वतःला समजावत ती झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला सूरजबाईंकडे गेली. मनात खजील होती. आपले पापड करून घेतले आणि पहिल्याच घरी दांडी मारली, हे गल्लीत शोभणारं नव्हतं. सूरजबाई राजस्थानातल्या, पण तीस वर्षांत मराठी बोलायला आणि भांडायला शिकलेल्या. त्या गच्चीवर पापड पसरत होत्या.

"माफी कशाची?" त्या हसून म्हणाल्या. "काल तुम्ही होत्या म्हणून तर लवकर आटपलं. सगळ्यात जास्ती तुमचेच झाले."

ज्योतीला वाटलं, टोमणा आहे. पण सूरजबाईंचा चेहरा निर्मळ होता. मग तिची नजर साडीवर गेली. गोल गरगरीत पापड, रांगच्या रांग. प्रत्येकाच्या कडेला अंगठ्याची चपटी खूण. ती खाली बसली आणि एका खुणेवर तिने आपला अंगठा ठेवला. तो तंतोतंत बसला, अगदी नखाच्या वाकड्या कोपऱ्यासकट.

भीती वाटली हे खरं. पण त्याहून विचित्र असं की त्या भीतीखाली तिला थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपलं काम राहिलं नाही तर. कुणी नाव ठेवणार नाही. आपण असं कसं वाटून घेतलं, याची तिला नंतर घरी बसून शरम वाटली.

४

दोन दिवसांनी तिने धुळ्याची बस धरली. नवलभाऊंना सांगितलं, नूतनला भेटून येते, जाण्याआधी एकदा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि खिडकीतून येणाऱ्या झळांनी तोंड भाजत असतानाही ती मनात घोकत राहिली की नूतन हसेल, थट्टा करेल आणि आपण दोघी चहा पिऊन मोकळ्या होऊ.

नूतनचं घर उत्तम होतं. तिसरा मजला, पांढऱ्या फरशा, स्वयंपाकघरात हात लावाल तिथे कप्पे. खालच्या दारावर राखणदार, समोर बाग. दौलत कॉलनीत अशी एकही गोष्ट नव्हती. नूतनने दार उघडलं, "ताई, या" म्हणाली आणि सोफ्यावर बसून राहिली. ती वाळली नव्हती, आजारी नव्हती. नीट कपडे, नीट केस. पण तिच्याशी बोलताना ज्योतीला वाटत राहिलं की ही आत्ताच कुठेतरी खूप बोलून आली आहे आणि हिच्यापाशी आता काही उरलेलं नाही.

शेजारी कसे आहेत, ज्योतीने विचारलं. चांगले असतील, नूतन म्हणाली. करमतं का? नूतनने खांदे उडवले. पापड केले का? त्यावर ती उठली आणि ओट्याखालून पोळपाट काढून आणलं. तेच, आखूड पायाचं. तिने त्यावर लाटणं ठेवलं आणि ज्योतीकडे पाहिलं, लहान मूल पाटी पुढे करतं तसं.

"जमत नाही, ताई. लाटायला बसते, तर हाताला काही आठवतच नाही. पोळीसुद्धा बाईच करून जाते आता."

मग तिने आपले तळवे ज्योतीपुढे धरले. ज्योतीने वास घेण्यापूर्वीच तो तिला आला: उडदाचं पीठ, हिंग, कच्चं तेल. तळवे तेलाने चकचकत होते. त्या स्वच्छ स्वयंपाकघरात उडदाचा दाणाही दिसत नव्हता.

"पापडाचे दिवस आल्यापासून असं होतंय," नूतन सांगत होती. "दुपारी नुसती पडलेली असते आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. तोंड दुखतं, हसून हसून दुखावं तसं. इथे मी कुणाशी हसते सांगा. स्वप्नील म्हणतो, डॉक्टरला दाखवू. दाखवलं. काही निघालं नाही."

ज्योतीने तिचा हात घट्ट धरला.  मग नूतनने विचारलं, अगदी हळू, जेवून आतल्या खोलीत झोपलेल्या स्वप्नीलला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"ताई, मी तिकडे बरी आहे ना?"

ज्योतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "बरी आहेस," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार. नूतनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं समाधान दिसलं. तिने उठून चहा केला, आणि त्यात साखर घालायला ती विसरली होती हे ज्योतीने तिला सांगितलं नाही.

५

परतीच्या बसमध्ये ज्योतीचा निर्णय झाला. जायचं नाही. नाशिकची हवा थंड असेल, लिफ्ट असेल, पण आपण जगलो ते या गल्लीत, आणि ते मागे ठेवून नुसतं अंग घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. नूतन जिथे आहे तिथे नाही आणि जिथे नाही तिथे आहे. आपलं तसं होऊ द्यायचं नाही. शिवाय हिशेब सोपा होता. गल्लीचे हात आपल्यावर उसने आहेत ना, मग प्रत्येक घरी बसून, स्वतःच्या हाताने लाटून ते फेडायचे. फेडलं की कुणाला आपल्या जागी दुसरं कुणी लागणार नाही.

नवलभाऊ आधी चिडले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. एवढ्या वर्षांत ज्योतीने त्यांच्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं, आणि खरं तर त्यांचाही जीव त्या फुफाट्याच्या गल्लीतून निघत नव्हताच. त्यांनी भडगावच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. हेमांगी फोनवर रडली, रागावली, शेवटी म्हणाली, बरं, दरवर्षी उन्हाळ्यात तरी या. ज्योतीने फोन ठेवला तेव्हा तिला वाटलं, आपण विहिरीच्या काठावरून मागे आलो.

दुसऱ्या दिवशी सुंदरअक्कांकडे पापड होते. ज्योती न्हाऊन, बारीक बुट्ट्यांचं निळं लुगडं नेसून, पोळपाट काखेत घेऊन निघाली. ऊन अजून कोवळं होतं. वाटेत तिच्या मनात एक गंमत जुळत होती: गटार बांधणारा ठेकेदार परत आला तर त्याला म्हणायचं, भाऊ, आम्ही राहतोय, आता तुलाही राहायला लागेल. बाया हसतील. मग सांगायचं की आम्ही कुठेच जात नाही. अक्का काय म्हणतील, सूरजबाई काय म्हणतील, हे ती मनाशी रंगवत होती आणि तिची पावलं आपोआप भरभर पडत होती.

अक्कांच्या जाळीच्या दाराशी ती पोचते न पोचते तोच आत बाया खदखदून हसल्या.

त्या हसण्यातून अक्कांचा आवाज आला. ठेकेदारालाच राहायला लावायचं म्हणे, हाई बाई काय बोली जाई, नेम नही, असं त्या कौतुकाने म्हणत होत्या. ज्योती चप्पल काढता काढता थांबली. ती गंमत तिने अजून कुणालाही सांगितली नव्हती.

तिने जाळी ढकलली. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे आधी काही दिसेना, नुसता उडदाचा वास आणि लाटण्यांचा आवाज. मग बाया दिसल्या. गोल करून बसलेल्या, गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये ओल्या फडक्याखाली लाट्या. कुठेही जागा नव्हती. दाराकडे पाठ करून एक बाई बसली होती. तिच्या अंगावर निळं, बारीक बुट्ट्यांचं लुगडं होतं, मानेवर आंबाडा, आणि तिचे हात सराईतपणे फिरत होते. पापड झाला. तिने तो उचलायला कडेला अंगठा दाबला.

ज्योतीने नजर खाली घेतली. ती तशीच खाली ठेवली. ती चेहरा पाहणार नव्हती, एवढं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"अक्का," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. "आम्ही जात नाही. इथेच राहायचं ठरलं आमचं."

लाटणी थांबली. साऱ्याजणींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. दारात आलेल्या बाईला जितकं अगत्य दाखवावं तितकं अगत्य होतं, आणि त्यात ओळख नव्हती. सूरजबाईंनी तर आपला पदर नीट केला.

"चांगलं करं व माय," सुंदरअक्का म्हणाल्या. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "कोनतं घर लिधं?"

कोणतं घर घेतलं, हे अक्का तिलाच विचारत होत्या. ज्योतीने तोंड उघडलं. तिला आपल्या घराचा रंग आठवला, आंब्याचं झाड आठवलं, ओट्यावरचा तुटका कोपरा आठवला.  काखेतलं पोळपाट घसरू लागलं तसं तिने ते छातीशी धरलं.

"बठ, बठ. उन्हातून उनी तू," अक्का मायेने म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवून पाहुण्यांसाठीचा पाट पुढे सरकवला. "शेजार चांगला शे आठला. करमी तुले." मग त्यांनी समोर बसलेल्या बाईच्या गुडघ्यावर थोपटलं.

"ज्योती, पाव्हनीले पानी दे व."

पाठमोरी बाई हात पुसत उठली. ज्योती पाटावर बसली. फरशीवरून पावलं आत गेली, माठावरचं झाकण वाजलं आणि पावलं तिच्याकडे येऊ लागली, तेव्हा तिने डोळे न उचलता हात पुढे केला आणि पेला घेतला.